बोट कोण पळवतं?

श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरचं मिरिसा हे मासेमारीचं बंदर. पहाटे तिथे एका बाजूला होड्या मासळी उतरवत असतात, तर दुसऱ्या बाजूला पर्यटक जेट्टीवर गोळा होत असतात. केशरी लाइफ जॅकेट, डब्यात बांधून दिलेला नाश्ता, बोट लागू नये म्हणून घेतलेली गोळी, वरच्या डेकवर जागा धरण्याची घाई. नोव्हेंबर ते एप्रिल हा इथला मोसम. सकाळी साडेसहाच्या आसपास बोटी एकामागून एक सुटतात आणि निळ्या देवमाशाच्या शोधात खोल पाण्याकडे निघतात. पृथ्वीवर आजवर जन्मलेल्या प्राण्यांतला हा सर्वांत मोठा प्राणी किनाऱ्यापासून इतक्या जवळ दिसावा, अशा जागा जगात मोजक्याच आहेत.

बोट निवडण्याचं काम बहुतेकांनी आदल्या संध्याकाळी उरकलेलं असतं. गावातल्या गेस्ट हाउसमध्ये, हॉटेलच्या काउंटरवर, किनाऱ्यालगतच्या टपऱ्यांवर तिकिटं मिळतात. गिऱ्हाइकाचे प्रश्न ठरलेले. माणशी किती? मुलांना सूट आहे का? नाश्ता कोण देणार? देवमासा नक्की दिसेल ना? आणि शेवटी, किती जवळून दिसेल?

या पाच मिनिटांच्या बोलण्याला कुणी धर्माधर्माचा प्रश्न म्हणत नाही. पण देवमासा बघायला जाण्यात जो काही नैतिक भाग आहे, तो जवळजवळ सगळा याच पाच मिनिटांत ठरतो. समुद्रात गेल्यावर पर्यटकाच्या हातात काहीच उरत नाही. सुकाणू दुसऱ्याच्या हातात, वेग दुसऱ्याच्या हातात. त्याच्या हातात होती ती फक्त निवड.

बघण्यानं कुणाचं काय जातं, असं सहज विचारता येईल. शिकारी मारतो, मच्छीमार पकडतो. पाहणारा नुसता पाहतो आणि परततो. पाहण्याला आपल्याकडे पुण्याचंही स्थान आहे. देवळात माणूस जातो तो मुख्यतः दर्शनाला. दुरून कळस दिसला तरी हात जोडले जातात. मग इतका प्रचंड, इतका शांत जीव डोळे भरून पाहावा, ही इच्छा निर्मळच असणार. इच्छा निर्मळ आहे, यात शंका नाही. प्रश्न त्या इच्छेला इंजिन जोडलं जातं तिथे सुरू होतो.

मिरिसासमोर किनाऱ्यालगतचा उथळ तळ फार अरुंद आहे. थोड्याच अंतरावर समुद्र एकदम खोल होतो. त्या खोल पाण्यात कोळंबीच्या जातीच्या बारीक जिवांचे थवे असतात आणि त्यांवर हे देवमासे पोसतात. जगातले बहुतेक निळे देवमासे खाण्यासाठी ध्रुवाकडच्या थंड पाण्यात जातात आणि विणीसाठी उबदार पाण्याकडे वळतात. उत्तर हिंदी महासागरातले देवमासे मात्र वर्षभर उष्ण पाण्यातच राहतात. श्रीलंकेच्या सागरी जीवशास्त्रज्ञ आशा डी व्होस यांनी २००३ मध्ये या समुद्रात देवमाशाची पाण्यावर पसरलेली लाल विष्ठा पाहिली आणि हे प्राणी इथे केवळ वाटसरू नाहीत, ते इथेच खातात, हे त्यांच्या लक्षात आलं. पुढचं सगळं संशोधन त्या एका निरीक्षणातून उभं राहिलं. म्हणजे मिरिसाची बोट ज्याच्याजवळ जाते, तो देवमासा त्या वेळी बहुधा जेवणाच्या मधल्या विश्रांतीत असतो.

त्या विश्रांतीचा अर्थ २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नोंदीवरून कळतो. कॅलिफोर्नियातल्या माँटेरे उपसागरात संशोधकांनी एका निळ्या देवमाशाच्या अंगावर रबरी चकत्यांनी चिकटणारं यंत्र बसवलं आणि त्याच्या हृदयाचे ठोके मोजले. खोल बुडी मारल्यावर ते मिनिटाला चार ते आठवर आले. काही वेळा तर मिनिटाला फक्त दोन. वर आल्यावर तेच ठोके २५ ते ३७ पर्यंत चढले. खाली श्वास कोंडून शिकार करायची आणि वर येऊन संपलेला प्राणवायू भराभर भरून घ्यायचा, असं त्याचं चक्र असतं. पाण्यावर घालवलेली ती मिनिटं म्हणजे पुढच्या बुडीची शिदोरी. कॅनडातल्या सेंट लॉरेन्स नदीमुखात झालेल्या अभ्यासात बोटी ४०० मीटरच्या आत आल्या की निळे देवमासे पाण्यावर कमी वेळ थांबतात, असं दिसलं. वर कमी थांबला की खाली कमी टिकतो. खाली कमी टिकला की कमी खातो. एका दिवसाचा हिशेब किरकोळ वाटेल, पण मोसमभर रोज सकाळी हेच घडलं तर तो किरकोळ राहत नाही.

आणखी एक गोष्ट बोटीवरच्या माणसाला जाणवत नाही. माणसासाठी हा सगळा अनुभव डोळ्यांचा असतो. देवमासा डोळ्यांवर फारसा जगत नाही. शंभर मीटर खाली उजेडच जेमतेम पोचतो. तो आवाजावर जगतो, आणि निळ्या देवमाशाची साद इतकी खालच्या पट्टीतली असते की तिचा बराचसा भाग माणसाच्या कानाला ऐकूच येत नाही. अशा प्राण्याभोवती पाच-सहा बोटी घोटाळतात, तेव्हा माणसांना एक शांत दृश्य दिसत असतं आणि त्याच क्षणी देवमाशाला चहूबाजूंनी इंजिनांची घरघर ऐकू येत असते. एकाच घटनेच्या या दोन बाजू आहेत. ‘नुसतं पाहिलं’ हे त्यातल्या एकाच बाजूचं वर्णन झालं.

मिरिसाच्या समुद्रात हे कसं घडतं, ते जवळून पाहण्यासारखं आहे. क्षितिजावर पाण्याचा एक उंच फवारा उडतो. वरच्या डेकवर उभा असलेला खलाशी ओरडतो, हात दाखवतो. बोट वळते आणि वेग घेते. लांबवरच्या दुसऱ्या बोटींना ही वळलेली बोट दिसते, वायरलेसवर बोलणं होतं आणि त्याही वळतात. काही मिनिटांत एकाच ठिपक्याकडे सगळ्या बाजूंनी पांढऱ्या रेघा ओढल्या जातात. जवळ गेल्यावर पाण्याखाली आधी निळसर हिरवा उजेड दिसतो. मग पाठ वर येते. ती येतच राहते, संपता संपत नाही. अगदी शेवटी त्या देहाच्या मानानं गंमत वाटावी इतका छोटा पर दिसतो. फवारा उडतो, पुन्हा उडतो. मग पाठीची कमान होते, शेपूट पाण्याबाहेर उभी राहते आणि खाली जाते. पाण्यावर एक तेलकट, गुळगुळीत वर्तुळ उरतं. बोटीवर टाळ्या वाजतात. ज्यांना फोटो मिळाला नाही ते नाराज होतात आणि कुणीतरी विचारतं, आणखी जवळ नाही का जाता येणार?

श्रीलंकेच्या २०१२ च्या नियमांनुसार देवमाशापासून १०० मीटरचं अंतर ठेवावं लागतं. मिरिसात हा नियम रोज कितपत पाळला जातो, याबद्दल संशोधक आणि पर्यावरण कार्यकर्ते वर्षानुवर्षं चिंता व्यक्त करत आले आहेत. काही बोटवाले तो कटाक्षानं पाळतात, काही पाळत नाहीत. नियम मोडला तर दोष कुणाचा? सुकाणू धरणाऱ्याचा, हे सरळ उत्तर. भारतीय विचारपरंपरेला मात्र ते पुरेसं वाटलेलं नाही.

पतंजलींच्या योगसूत्रांत, साधनपादात, हिंसेचे तीन प्रकार सांगितले आहेत: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवून घेतलेली आणि दुसरा करत असताना जिला संमती दिली ती. कृत, कारित, अनुमोदित. जैन साधूंच्या महाव्रतांतही हीच त्रयी आहे आणि ती मन, वाणी, काया या तिन्हींना लागू होते. या चौकटीत मिरिसाची बोट ठेवली की चित्र स्वच्छ दिसतं. देवमाशाच्या अंगावर बोट घातली ती चालकानं, ते कृत. जवळ नेण्याच्या बोलीवर तिकीट काढलं ते पर्यटकानं, ते कारित. आणि बोट जवळ गेल्यावर टाळ्या वाजल्या, चालकाला बक्षिसी मिळाली; ते अनुमोदित. तिन्ही भाग त्याच सकाळी, त्याच बोटीवर पूर्ण होतात.

पतंजली इथेच थांबत नाहीत. या हिंसेच्या मागे लोभ, क्रोध किंवा मोह असतो, असं ते पुढे सांगतात. देवमाशांच्या इतिहासाला हे वर्गीकरण चपखल बसतं.

लोभाचा काळ सर्वांत मोठा. दिव्यातलं तेल, यंत्रांचं वंगण, साबण, मार्गरिन यांसाठी विसाव्या शतकात जवळपास २९ लाख देवमासे मारले गेले. त्यांतले काही आपल्याच समुद्रातले. १९६६ च्या नोव्हेंबरमध्ये सोव्हिएत ताफ्यांनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या समोरच्या अरबी समुद्रात २४२ हंपबॅक देवमासे बेकायदा मारले. ठरवून दिलेलं उत्पादन पूर्ण करायचं होतं. ही गोष्ट जगाला कळायला तीस वर्षं लागली, आणि अरबी समुद्रातले हंपबॅक आजही त्या घावातून सावरलेले नाहीत.

क्रोधाचा काळ तुलनेनं छोटा, पण त्याचं चित्र जगभर पोचलेलं आहे. हर्मन मेलव्हिल यांच्या १८५१ च्या ‘मोबी डिक’ कादंबरीतला कप्तान एहॅब आपला पाय तोडणाऱ्या पांढऱ्या देवमाशाचा सूड घ्यायला निघतो आणि जहाजासकट बुडतो. कादंबरीबाहेरही हे घडत होतं. मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियाच्या खाड्यांमध्ये शिकारी पिल्लांवर भाले टाकत आणि ग्रे व्हेल माद्या उलटून होड्यांवर धडका देत. शिकाऱ्यांनी त्या माद्यांनाच सैतान ठरवलं.

तिसरा उरतो तो मोह. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात मोहातून होणाऱ्या हिंसेचं उदाहरण दिलं आहे, ते थक्क करणारं आहे: यातून मला धर्म घडेल, अशा समजुतीनं केलेली हिंसा. लोभी माणसाला आपण लोभी आहोत हे आतून ठाऊक असतं. संतापलेल्यालाही राग ओसरल्यावर कळतं. मोहात असलेल्याला मात्र आपण चांगलंच करत आहोत असं वाटत असतं. निसर्गावर माझं प्रेम आहे, माझ्या पैशांतून देवमाशांचं रक्षण होतं, मी मुलांना संस्कार देतोय: ही सगळी वाक्यं खरी असू शकतात आणि तरीही ज्या बोटीवर ती उच्चारली जातात ती बोट एका दमलेल्या प्राण्याचा पाठलाग करत असू शकते. आजच्या पर्यटकाला लोभ किंवा क्रोध चिकटत नाही. त्याला जपायचं आहे ते मोहापासून.

मिरिसा ज्या देशात आहे, त्या देशाचा धर्म या प्रश्नाकडे वेगळ्या बाजूनं पाहतो. मज्झिम निकायातल्या उपालिसुत्तात एक गाजलेला वाद आहे. उपाली हा निगंठ नातपुत्तांचा, म्हणजे महावीरांचा, अनुयायी. बुद्धांना वादात हरवायला तो जातो. वाद असा, की काया, वाचा आणि मन यांपैकी कोणाचं कर्म अधिक दोषाचं? निगंठांच्या मते कायेचं. बुद्धांच्या मते मनाचं. हेतू हाच कर्माचा गाभा. वरवर पाहता बुद्धांच्या बाजूनं पर्यटक सुटतो, कारण त्याचा हेतू चांगला असतो.

पण त्याच निकायात शेजारीच जीवकसुत्त आहे. वैद्य जीवक बुद्धांना मांसाहाराबद्दल विचारतो, तेव्हा हेतूला महत्त्व देणारी हीच परंपरा उपभोग घेणाऱ्यासाठी कडक कसोटी घालून देते. प्राणी आपल्यासाठी मारला गेल्याचं भिक्षूनं पाहिलं असेल, ऐकलं असेल किंवा तशी शंकाही त्याला आली असेल, तर ते मांस त्याला चालत नाही. नकळत हातून घडलेलं क्षम्य. माझ्यासाठी केलं जातंय हे ठाऊक असताना स्वीकारलेलं अक्षम्य. ही कसोटी मिरिसाच्या बोटीला लावून पाहावी. पाठलाग पर्यटकाच्या डोळ्यांदेखत होतो. इंजिनाचा वाढलेला आवाज त्याच्या कानांवर पडतो. आणि हा पाठलाग कुणासाठी चालला आहे, याबद्दल तर शंकेलाही जागा नसते. या कसोटीवर मिरिसाचा पर्यटक भिक्षूहून जास्त अडचणीत येतो, कारण भिक्षूच्या भिक्षापात्रात पडणारं अन्न दुसऱ्याच्या घरी शिजलेलं असतं.

जैन दर्शनानं यात आणखी एक मुद्दा ठेवला आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमाद मध्यवर्ती आहे. बेसावधपणानं जीव दुखावणं म्हणजे हिंसा. दुष्टपणाची अटच नाही. मिरिसाच्या दक्षिणेला, दोंद्रा भूशिराजवळून, जगातला एक अत्यंत वर्दळीचा जहाजमार्ग जातो आणि देवमासे नेमके त्याच पट्ट्यात चरतात. मालवाहू जहाजावर कुणाचंच देवमाशांशी वैर नसतं. तरीही जहाजांच्या धडकांनी देवमासे मरतात. २०२२ मध्ये एमएससी या बड्या जहाज कंपनीनं स्वतःहून आपली जहाजं सुमारे १५ सागरी मैल दक्षिणेकडून न्यायला सुरुवात केली. कायद्याची सक्ती नव्हती. देवमासे कुठे असतात याची माहिती संशोधकांनी समोर ठेवली आणि माहिती मिळाल्यावर जुन्या वाटेनं जाणं हा प्रमाद ठरला असता. तिकीट काढणारा पर्यटक त्या कंपनीइतका मोठा नसतो, पण त्याच्यापुढचा प्रश्न त्याच जातीचा आहे: माहीत झाल्यावर काय करायचं?

मग जाऊच नये का?

हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याचं उत्तर इतिहासातच सापडतं. १९५० मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोजवळच्या कब्रियो टेकडीवरून लोकांनी स्थलांतर करणारे ग्रे व्हेल पाहायला सुरुवात केली. १९५५ मध्ये तिथेच एका मच्छीमारानं डॉलरभर घेऊन होडीतून देवमासे दाखवायला सुरुवात केली. १९७० मध्ये रॉजर पेन यांच्या पुढाकारानं हंपबॅक देवमाशांच्या गाण्याची ध्वनिमुद्रिका निघाली आणि लोकांनी पहिल्यांदा तो आवाज घरात बसून ऐकला. या दोन दशकांत तेलाचा आणि मांसाचा साठा समजला जाणारा प्राणी लोकांच्या मनात जागा करून गेला. १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगानं व्यापारी शिकार थांबवण्याचा ठराव केला, त्यामागे या बदललेल्या मनाचा मोठा वाटा होता. २००८ च्या सुमारास जगभरात दरवर्षी १ कोटी ३० लाख लोक देवमासे बघायला जात होते. पाहिलं म्हणून जपलं, हे खरं आहे. ज्या किनाऱ्यावर जिवंत देवमाशापासून उत्पन्न मिळतं, तिथे भाला उचलणाऱ्याला शेजारीच अडवतात.

बाहा कॅलिफोर्नियातल्या सॅन इग्नासिओ खाडीत तर याहून पुढची गोष्ट घडली. जिथे शिकाऱ्यांनी ग्रे व्हेल माद्यांना सैतान म्हटलं होतं, त्याच पाण्यात १९७२ मध्ये फ्रान्सिस्को मायोराल या मच्छीमाराच्या छोट्या होडीला एक देवमासा येऊन अंग घासू लागला. तो घाबरला. देवमासा गेला नाही, तेव्हा त्यानं हात पुढे करून त्याला स्पर्श केला. आजही तिथे होड्या मंद इंजिनावर थांबतात. एखादी मादी पिल्लाला घेऊन स्वतः जवळ येते, कधी येत नाही. आपल्या भक्तिपरंपरेत दर्शन ही देवाच्या मर्जीची गोष्ट मानली जाते. भक्ताच्या हातात असतं ते वाट पाहणं. त्या खाडीत पर्यटनाचा सगळा धंदा याच तत्त्वावर चालतो. पुढे तिथे मिठाचा अवाढव्य कारखाना उभा राहणार होता, तेव्हा जगभरातून विरोध झाला आणि २००० मध्ये मेक्सिकोच्या सरकारनं तो प्रकल्प सोडला.

म्हणून जाऊ की नको, यापेक्षा कुणाबरोबर जाऊ हा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि तो व्यवहाराचा दिसला तरी धर्माचाच आहे. देवमाशाशी माणसाचं नातं काय, याचं ज्या समाजांकडे उत्तर आहे, त्यांचं वागणं याची साक्ष देतं. व्हिएतनामच्या मध्य आणि दक्षिण किनाऱ्यावर देवमासा हा वादळात होडी सावरणारा रक्षक मानला जातो. मेलेला देवमासा किनाऱ्याला लागला तर तो ज्याला प्रथम दिसतो, तो त्याचा ज्येष्ठ पुत्र ठरतो आणि मुलाप्रमाणे सुतक पाळतो. फान थिएत शहरातल्या १७६२ मध्ये बांधलेल्या देवळात २२ मीटर लांबीचा सांगाडा पूजेला आहे. गुजरातेत २००४ मध्ये मोरारी बापूंनी व्हेल शार्कला माहेरी बाळंतपणाला येणारी लेक म्हटलं. हा प्राणी देवमासा नव्हे, मासाच आहे, पण सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर त्याची बेसुमार कत्तल होत असे. कायद्यानं २००१ मध्येच त्याला संरक्षण दिलं होतं. बापूंच्या कथेनं त्याला ‘व्हाली’ हे लाडाचं नाव मिळालं आणि मच्छीमार महागाची जाळी कापून त्याला सोडून देऊ लागले. जाळ्याच्या भरपाईची सोय झाली हे खरं, पण जाळ्याला सुरी लावण्याची तयारी केवळ भरपाईनं येत नाही.

न्यूझीलंडच्या काइकोरामध्ये हे नातं आणि तिकिटाचा धंदा एकत्र आले आहेत. तिथल्या माओरी लोकांच्या कथेत पाइकेआ हा पूर्वज देवमाशाच्या पाठीवरून या भूमीवर आला. १९८७ मध्ये गावात बेकारी वाढलेली असताना काही माओरी कुटुंबांनी घरं गहाण टाकून देवमासे दाखवणारी कंपनी सुरू केली, आणि ती आजही त्यांच्याच जमातीच्या मालकीची आहे. किनाऱ्यालगतच्या खोल दरीत स्पर्म व्हेल वर्षभर असतात. कंपनीच्या बोटी पाण्यात ध्वनिग्राहक सोडून खाली गेलेल्या देवमाशाची टकटक ऐकतात आणि तो वर येण्याची वाट पाहतात. देशाच्या १९९२ च्या नियमांनुसार देवमाशापासून किमान ५० मीटर, पिल्लू बरोबर असेल तर २०० मीटर अंतर ठेवायचं. ३०० मीटरच्या आत एका वेळी तीनपेक्षा जास्त बोटी नाहीत. देवमासा दिसला नाही, तर तिकिटाचे ८० टक्के पैसे परत.

हा परतावा नीट समजून घ्यायला हवा, कारण तशीच हमी गोव्यातही मिळते. गोव्याच्या किनाऱ्यावर ‘डॉल्फिन नाही तर पैसे नाहीत’ अशी बोली चालते. शब्द सारखे असले तरी परिणाम वेगळे होतात. जिथे परवाने मोजके, अंतर ठरलेलं आणि समुद्रावर लक्ष ठेवणारं कुणीतरी असतं, तिथे परतावा पर्यटकाला रिकाम्या हातानं परतण्याची मुभा देतो. जिथे बोटी भरमसाट आणि चालक एकटा असतो, तिथे त्याच हमीचा सगळा भार त्याच्या त्या दिवसाच्या कमाईवर पडतो, आणि तो भार तो डॉल्फिनवर टाकतो. बोट निवडताना परतावा आहे का, याआधी चालकाला थांबायची मोकळीक आहे का, हे बघायला हवं.

मिरिसाच्या टपरीवरचे प्रश्न मग बदलतात. एखाद्या देवमाशाभोवती आधीच तीन-चार बोटी असतील तर तुमची बोट काय करते? देवमासा पुढून येत असेल तर वाट सोडता की आडवे जाता? बोटीवर माहिती सांगणारं कुणी असतं का, आणि दिसलेल्या देवमाशांची नोंद संशोधकांना दिली जाते का? देवमाशाबरोबर पोहायला देतो असं कुणी म्हणालं तर ती बोट तिथेच बाद. ‘शंभर टक्के जवळून दाखवतो’ म्हणणारीही बाद. ‘दिसतील, पण आम्ही मागे लागत नाही’ असं सांगणारा बोटवाला भेटला, तर थोडे जास्त पैसे मोजावेत. त्यात पेट्रोल-पाण्याबरोबर त्याच्या संयमाचीही किंमत असते.

बोटच नको, असाही एक चांगला पर्याय जगात आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या हर्मानस गावी जून ते नोव्हेंबर या काळात सदर्न राइट देवमासे कड्याखाली इतके जवळ येतात की ते किनाऱ्यावरच्या पायवाटेवरून दिसतात. १९९२ पासून गावात एक दवंडीवाला आहे. समुद्री शेवाळाच्या वाळलेल्या देठाचं शिंग फुंकून तो देवमासे आल्याची वर्दी देतो. लोक कड्यावर बसून पाहतात आणि खाली पाण्यात काहीही बदलत नाही.

महाराष्ट्राच्या समुद्रातही देवमासे आहेत. २०१५ मध्ये सिंधुदुर्गात कुणकेश्वरच्या समुद्रात संशोधकांना निळे देवमासे दिसले. त्याच वर्षी जूनमध्ये रेवदंड्याला ४२ फुटांचा निळा देवमासा किनाऱ्याला लागून मेला. २०२३ च्या दिवाळीत गणपतीपुळ्याच्या वाळूत एक पिल्लू अडकलं. वनखातं, मच्छीमार, गावकरी यांनी ते वाळूत तापू नये म्हणून त्याच्यावर पाणी ओतलं, ओली कापडं टाकली, दोर बांधून खोल पाण्यात ओढून नेलं. ते परत किनाऱ्याला आलं आणि मेलं. त्या दोन-तीन दिवसांत हजारो लोकांनी त्या पिल्लाची चौकशी केली, काळजी केली. ज्या लोकांना एका अनोळखी पिल्लाबद्दल इतकी माया वाटते, त्यांच्याकडून समुद्रातही तेवढ्याच विचाराची अपेक्षा ठेवणं गैर नाही.

कोकणात आज देवमाशांच्या सहली जवळपास नाहीत, पण डॉल्फिनच्या आहेत. दापोलीच्या मुरुडपासून तारकर्लीपर्यंत मोसमात सकाळी होड्या सुटतात. होडीवाला बहुधा गावचाच असतो. मासळी कमी झाल्यावर त्यानं पर्यटक घ्यायला सुरुवात केलेली असते. होडीचं कर्ज, पावसाळ्यात बंद राहणारे महिने, डिझेलचा भाव, सगळं त्याच्या डोक्यात असतं. डॉल्फिन कुठल्या बाजूनं येतात, पिल्लू बरोबर असलं की कसे वागतात, हे त्याला शहरातल्या कुणाहीपेक्षा चांगलं ठाऊक असतं. आणि पाठीमागून आवाज येतो: “मामा, अजून जवळ घ्या ना!” फेरीतल्या दहाही जणांनी तेच म्हटलं, तर मामा जवळ घेतात. पोटाचा प्रश्न आहे. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

त्याच होडीत एखादीनं म्हणावं, “मामा, इंजिन बंद करा, इथेच थांबू. आले तर आले.” असं सांगायला परवाना, पदवी, संघटना काही लागत नाही. ते ऐकून होडीवाल्याला हायसंही वाटतं, कारण डिझेल वाचतं आणि मनाविरुद्ध करावं लागणारं काम टळतं. अशी गिऱ्हाइकं वाढली, की थांबणं हाच त्या धंद्याचा शिरस्ता होऊ शकतो; सॅन इग्नासिओच्या खाडीत तो झाला आहे. येत्या मोसमात मिरिसाच्या टपरीवर किंवा तारकर्लीच्या पुळणीवर तिकीट काढताना किती मराठी माणसं ‘किती जवळून’ ऐवजी ‘किती लांबून’ असं विचारतील, यावर त्या होडीवाल्याचं पुढचं वागणं बरंच अवलंबून राहील.